आजीची अळमी आणि ओकखालची छत्री

प्रिय मनू,

रविवारी पाऊस थांबल्यावर ओकच्या झाडाखालची छत्री, म्हणजे अळमी (मशरूम), उचलायला तू वाकलीस आणि मी केवढ्याने ओरडले! रात्री तू विचारलंस, "आजी रानातली अळमी खाते, तूही लहानपणी खायचीस, मग मेलबर्नची का नाही चालत?" अगदी बरोबर विचारलंस. ओरडण्याआधी मीच सांगायला हवं होतं.

आजी दिसेल ती छत्री उचलत नाही गं. ती ठरलेल्या वारुळांपाशी जाते. वाळवी वारुळाच्या पोटात पालापाचोळा आणि लाकूड चावून त्याचे जाळीदार गोळे रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. म्हणजे शेतीच करते! जून-जुलैत पावसाने जमीन भिजली की त्याच बुरशीची अळमी वर येते. तिचं देठ मुळासारखं निमुळतं होत खोल त्या गोळ्यांपर्यंत गेलेलं असतं. आजी ते बुडाशी धरायची, हलकेच पिळायची आणि सुळकन वर काढायची. टोकाला लाल माती, वर मधोमध टोक आलेली राखाडी टोपी. मग मला हुंगायला द्यायची. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

वारुळाला कोयती लावायची नाही, हा तिचा नियम. पूर्ण उमललेली अळमी ती तिथेच ठेवायची. सागाच्या पानात पुडी बांधून घरी निघालो की वाटेत दर वेळी बजावायची, "खंय गावली ता कोणाक सांगू नको हां!" दुपारी ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून सुकं व्हायचं. जरा जरी शंका आली तरी ती अळमी फेकून द्यायची, मी कितीही हट्ट केला तरी.

आता ओकखालची गोष्ट. तिथे डेथ कॅप नावाची छत्री उगवते. ती मूळची युरोपातली, तिकडच्या झाडांच्या मुळांबरोबर ऑस्ट्रेलियात आली. आशियातून आलेल्या माणसांना ती गावाकडच्या, भाताच्या पेंढ्यावर उगवणाऱ्या अळंबीसारखी वाटते आणि इथेच घात होतो. 2012च्या सुरुवातीला कॅनबेरात ती खाऊन दोन माणसं दगावली. तिचं विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा-सात तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. लसूण काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लं तर चांगली, असलं काही कुणी सांगितलं तर अजिबात मानू नकोस. गोगलगायी डेथ कॅपही खातात.

माझे डोळे वारुळावरची अळमी ओळखतात, तेही आजीने दहा-बारा पावसाळे बोट धरून फिरवलं म्हणून. इथली माती, इथली झाडं मला तशी कुणी दाखवलेली नाहीत. म्हणून मी इथली उचलत नाही आणि तुलाही उचलू देणार नाही.

पण तुझी जुलैची सुट्टी आणि आजीची अळमी एकाच वेळी येतात. तिकिटं काढली आहेत. पहाटे ती हाक मारेल तेव्हा लगेच ऊठ, तिच्या मागेच राहा आणि ती दाखवेपर्यंत वारुळाच्या बिळात हात घालू नकोस, आत साप असू शकतो. पहिली अळमी तुझ्याच हातून काढायला सांगते तिला.

तुझी,
आई