लाल दिला की निळा का येतो? : वाचकांचे प्रश्न

यावेळी बहुतेक प्रश्न डिस्प्लेच्या रंगांचेच आलेत आणि नीट वाचलं तर सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, बाइटचा क्रम, म्हणजे रंगाच्या आकड्याचे आठ-आठ बिटचे तुकडे कुठला आधी आणि कुठला नंतर. म्हणून सगळी जागा त्यालाच दिली. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. इंदूरला छप्पन दुकानच्या मागच्या बाजूला आमचं पोहे-जलेबीचं दुकान आहे. टोकन नंबर दाखवायला मुलाने ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर आयएलआय९३४१ चिपचा छोटा डिस्प्ले बसवला. काळे-पांढरे आकडे एकदम स्वच्छ दिसतात पण दुकानाचा लाल लोगो निळा आला आणि त्यातली कोथिंबीर लालभडक. कुणीतरी सांगितलं आरजीबीचं बीजीआर करा, म्हणजे लाल-हिरवा-निळा या क्रमाचं निळा-हिरवा-लाल, ते केलं तर लोगो विटकरी झाला, म्हणजे चालेल असा, पण कोथिंबीर आता जांभळट निळी दिसते. डिस्प्ले खराब आहे का, बदलून आणू?

नमस्कार दादा. डिस्प्ले अजिबात बदलू नका, तो ठणठणीत आहे. आणि सगळ्यात आधी ती बीजीआरची सेटिंग होती तशी परत करून टाका, कारण तुमचा खरा आजार वेगळाच आहे आणि त्यावर हे दुसरंच औषध पडलंय.

बघा, या डिस्प्लेवर एक पिक्सेल १६ बिटचा असतो, लालला ५, हिरव्याला ६ आणि निळ्याला ५. शुद्ध लाल म्हणजे हेक्समध्ये एफ८००. आता १६ बिट म्हणजे दोन बाइट, एफ८ आणि ००. डिस्प्लेला मोठा बाइट, म्हणजे वरच्या बिटांचा (इथे एफ८), आधी हवा असतो, पण ईएसपी३२ मेमरीत लहान, म्हणजे खालच्या बिटांचा बाइट आधी ठेवतो, आणि तुमच्या लोगोचा अ‍ॅरे जसा मेमरीत आहे तसाच उचलून एसपीआयवर, म्हणजे बोर्ड आणि डिस्प्लेमधल्या जोडणीवर, पाठवला जातोय. म्हणजे डिस्प्लेला एफ८०० च्या जागी ००एफ८ मिळतं. ते फोडून बघा, लाल शून्य, हिरवा ६३ पैकी ७, निळा ३१ पैकी २४. झाला ना लोगो निळा! तसंच शुद्ध हिरवा ०७ई० आहे, तो उलटून ई००७ होतो, म्हणजे लाल २८, हिरवा शून्य, निळा ७, ही तुमची लालभडक कोथिंबीर. मग तुम्ही बीजीआर केलं तेव्हा याच आकड्यांतले लाल आणि निळे आपसात बदलले, लोगोला लाल २४ आणि हिरवा ७ मिळाला म्हणून तो विटकरी, आणि कोथिंबिरीला निळा २८ आणि लाल ७ मिळाला म्हणून ती जांभळट. तुम्ही पत्रात जे लिहिलंय ते या हिशोबाशी इतकं तंतोतंत जुळतं की मला शंकाच उरली नाही.

काळे-पांढरे आकडे का बरोबर आले? कारण काळा ०००० आणि पांढरा एफएफएफएफ, हे उलटे केले तरी तेच राहतात. म्हणून फक्त काळ्या-पांढऱ्यावर टेस्ट करून डिस्प्ले पास झाला असं कधीच म्हणू नये, हे मी प्रत्येकाला सांगते.

आता उपाय. मुलगा टीएफटी ईएसपीआय लायब्ररी वापरत असेल तर लोगो ढकलायच्या आधी सेटस्वॅपबाइट्स ट्रू करायचं, एवढंच. या लायब्ररीत आकडे किंवा चौकोन काढताना रंग ती स्वतः उलटून पाठवते, चित्राच्या अ‍ॅरेला मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय हात लावत नाही, म्हणून एकाच स्क्रीनवर लाल आकडा बरोबर आणि लाल लोगो चूक असं होऊ शकतं. एकदा टोकन नंबर लाल रंगात काढून बघा, लगेच कळेल. एलव्हीजीएल लायब्ररी असेल तर आठव्या व्हर्जनमध्ये कॉन्फिगमध्ये एलव्ही कलर १६ स्वॅप म्हणून एक ओळ आहे ती १ करायची, नवव्या व्हर्जनला ती ओळ काढून टाकलीये, तिथे बफर पाठवायच्या फंक्शनमध्ये आरजीबी५६५ स्वॅपचं फंक्शन स्वतः बोलवता येतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, चित्राचं अ‍ॅरे बनवणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये पण स्वॅपची खूण असते, दोन्हीकडे स्वॅप केलं की परत पहिल्यासारखं होतं. कुठेतरी एकाच जागी करा आणि तिथे कमेंटमध्ये लिहून ठेवा.

डेटाशीट चाळताना मुलाला एफ६ कमांडमध्ये एंडियन नावाचा, बाइटचा क्रम ठरवणारा एक बिट दिसेल आणि वाटेल की अरे हे तर डिस्प्लेच करून देतो. पण तिथेच खाली लिहिलंय की तो ८ आणि ९ बिटच्या पॅरलल जोडणीपुरताच चालतो. तुमची जोडणी एसपीआयची आहे, त्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंदूरलाच. लिनक्सवर डीआरएमचा, म्हणजे कर्नलच्या डिस्प्ले-ग्राफिक्स भागाचा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. फॉरमॅट दिला एक्सआरजीबी८८८८, पण मेमरी डंप केली तर बाइट बी जी आर एक्स असे दिसतात. वल्कन या ग्राफिक्स एपीआयमध्ये बी८जी८आर८ए८ घेतलं तर जुळतं, ओपनजीएल या दुसऱ्या एपीआयमध्ये आरजीबीए घेतलं तर नाही जुळत. नाव खोटं आहे का? मी शेवटी जे जुळेल ते ठेवून देतो, पण समजत काहीच नाही.

तू हे "जे जुळेल ते ठेवतो" प्रामाणिकपणे लिहिलंस ते बरं केलंस, कारण ती सवय आत्ताच मोडायला हवी. ग्राफिक्सच्या कोडमध्ये मी अशी ठिकाणं बघितलीत जिथे तीन तीन स्वॅप एकावर एक आहेत आणि कुणालाच माहीत नाही कुठला का आहे, एक काढला की सगळं कोसळतं.

नाव खोटं नाहीये. पिक्सेल फॉरमॅटची नावं दोन जातींची असतात. एका जातीचं नाव मेमरीतले बाइट सांगतं, पहिला कोणता, दुसरा कोणता. दुसऱ्या जातीचं नाव एका आकड्यातले बिट सांगतं, सगळ्यात वरच्या बिटपासून खाली. नुसतं नाव वाचून जात कळत नाही, त्या त्या लायब्ररीचा नियम उघडून वाचावाच लागतो.

डीआरएमचं एक्सआरजीबी८८८८ दुसऱ्या जातीचं आहे. हेडर फाइल उघड, त्याच ओळीच्या शेवटी कमेंट आहे, ३१ पासून ० पर्यंत एक्स, आर, जी, बी, आणि पुढे लिटल एंडियन. म्हणजे ३२ बिटचा एक आकडा, त्यात सगळ्यात वर एक्स म्हणजे न वापरलेला बाइट, सगळ्यात खाली निळा, आणि तो आकडा मेमरीत लहान बाइट आधी ठेवलेला. समज आकडा आहे ००११२२३३, लाल ११, हिरवा २२, निळा ३३. मेमरीत तो ३३ २२ ११ ०० असा बसतो. तुझ्या डंपमध्ये हेच दिसतंय, काही चुकलेलं नाही.

वल्कनचं बी८जी८आर८ए८ पहिल्या जातीचं, पहिला बाइट निळाच, मशीन कुठलंही असो. म्हणून ते जुळलं, फक्त चौथ्या बाइटला डीआरएम फेकून देतं आणि वल्कन अल्फा, म्हणजे पारदर्शकता समजतं, तेवढं सांभाळ. वल्कनमध्येच शेवटी पॅक३२ लावलेली नावं आहेत, ती दुसऱ्या जातीची, आणि तिथे आकडा मशीनच्या स्वतःच्या क्रमाने वाचला जातो. ओपनजीएलमध्ये आरजीबीए सोबत अनसाइन्ड बाइट दिलंस तर पहिला बाइट लाल, म्हणून तुझं नाही जुळलं. तिथे बीजीआरए घे. कैरो या चित्र काढायच्या लायब्ररीचं एआरजीबी३२ मशीनच्या क्रमाने असतं आणि शिवाय त्यात रंग आधीच अल्फाने गुणलेले असतात, तो अजून एक वेगळा घोळ. वेलँड या लिनक्सच्या डिस्प्ले प्रोटोकॉलचे शेअर्ड मेमरीचे फॉरमॅट डीआरएमसारखेच लिटल एंडियन.

आता तू म्हणशील माझा लॅपटॉप लिटल एंडियन, मला काय फरक पडतो. आज नाही पडत. पण तू जर यू३२ च्या, म्हणजे ३२ बिट आकड्याच्या पॉइंटरने सरळ आकडा लिहीत असशील तर तो कोड बिग एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या मशीनवर मोडणार, कारण डीआरएमचा फॉरमॅट तिथेही लिटल एंडियनच राहतो, मशीनबरोबर बदलत नाही. कर्नलमध्ये असशील तर सीपीयू टू एलई३२ हे लिटल एंडियनमध्ये बदलणारं फंक्शन लावायचं, लिटल एंडियनवर ते काहीच काम करत नाही म्हणून वेगही जात नाही. आणि फ्रेमबफर (पडद्याच्या चित्राची मेमरी) बनवताना जुना कॉल अ‍ॅडएफबी वापरू नकोस. त्यात फक्त डेप्थ (रंगाचे बिट किती) आणि एका पिक्सेलचे बिट सांगता येतात, फॉरमॅट नाही, मग बिग एंडियनवर ड्रायव्हरने काय समजायचं यावरून कर्नलमध्ये बराच त्रास झालाय, शेवटी त्यासाठी ड्रायव्हरला एक खास खूणच ठेवावी लागली. अ‍ॅडएफबी२ मध्ये फॉरमॅट स्पष्ट सांगता येतो, तोच वापर.

वरच्या दुकानवाल्या दादांचा प्रश्न कर्नलने कसा सोडवलाय तेही वाच, तुला आवडेल. एसपीआयवरच्या छोट्या डिस्प्लेंसाठी मिपी डीबीआय म्हणून हेल्पर आहे. तो आधी बघतो की एसपीआय कंट्रोलर १६ बिटचे शब्द पाठवू शकतो का, शकत असेल तर काहीच उलटायची गरज नाही कारण कंट्रोलर स्वतःच वरचा बिट आधी पाठवतो. नसेल आणि मशीन लिटल एंडियन असेल तरच स्वॅपची खूण करतो. बस, एका जागी एक अट, आणि तिचं कारण कोड वाचूनच कळतं. मला वाटतं बाइट क्रम असाच हाताळावा, जिथे डेटा मशीनबाहेर जातो त्या दारावर, मधे कुठेही नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या मुलांनी अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी डब्ल्यूएस२८१२ एलईडीच्या पट्ट्या लावल्यात. लाल सांगितलं की हिरवा लागतो, हिरवा सांगितला की लाल. निळा आणि पांढरा बरोबर. वायरिंग चुकलं का?

वायरिंग बरोबर आहे, या एलईडीला हिरवा बाइट आधी लागतो, मग लाल, मग निळा. कोडमध्ये आरजीबी लिहिलंय तिथे जीआरबी करा, निओपिक्सेल आणि फास्टएलईडी या दोन्ही लायब्ररींत सोय आहे. फक्त एक बघा, एखादी पट्टी चार रंगांची, म्हणजे वेगळा पांढरा असलेली आली असेल तर ती एका एलईडीला चार बाइट घेते, मग पूर्ण पट्टीला एकच रंग दिला तरी प्रत्येक एलईडी वेगळा लागतो. तसं दिसलं तर क्रम नाही, प्रकार बदलावा लागेल.

प्रश्न : ग्वाल्हेरहून लिहितोय. मी एका ओपन सोर्स ग्राफिक्स लायब्ररीत थोडं काम करतो. एकाने तक्रार केली की बिग एंडियन मशीनवर रंग चुकतात, लाल हिरवा दिसतो, निळा दिसतच नाही आणि पांढरा पिवळा होतो. माझ्याकडे तसं मशीन नाही, मी तपासू कसं?

तुम्हाला मिळालेली तक्रार फार छान आहे, तिच्यातच उत्तर आहे. ३२ बिटचे चारही बाइट उलटले की हेच होतं, हिरव्याच्या जागी लाल वाचला जातो, लालच्या जागी हिरवा, आणि निळ्याच्या जागी तो रिकामा एक्स बाइट. एक्समध्ये शून्य असेल तर निळा गायब आणि पांढऱ्यातून निळा गेला की उरला पिवळा. एक्समध्ये एफएफ असता तर उलट झालं असतं, काळा पडदा निळा दिसला असता. आणि अल्फावाला फॉरमॅट असेल तर अल्फाच्या जागी निळा जातो, मग जिथे निळा कमी तिथे चित्र आरपार होतं.

तपासायला मशीन नको. एस३९० एक्स हे प्रोसेसर आर्किटेक्चर बिग एंडियन आहे आणि डेबियन लिनक्समध्ये त्याचा क्रॉस कंपायलर, म्हणजे आपल्या मशीनवर बसून त्याच्यासाठी कोड बांधणारा, मिळतो. तुमची पिक्सेल बदलणारी फंक्शन्स वेगळी काढा, त्या कंपायलरने बांधा आणि क्यूईएमयू या दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या यूजर मोडमध्ये साध्या प्रोग्रॅमसारखी चालवा, स्क्रीनची गरजच नाही. टेस्टमध्ये मात्र अपेक्षित उत्तर बाइटच्या अ‍ॅरेने लिहा, यू३२ च्या आकड्याने नको, कारण आकडा आकड्याशी ताडला तर दोन्ही बाजू सारख्याच उलटतात आणि टेस्ट पास होते. कर्नलमधल्या कोडसाठी केयुनिट ही टेस्टची सोय आहे, त्यात आर्किटेक्चर एस३९० सांगितलं की ते स्वतःच क्यूईएमयूत चालवतं, आणि डीआरएमच्या फॉरमॅट बदलणाऱ्या फंक्शन्सच्या टेस्ट तिथे आधीपासून आहेत.

टेस्टचं चित्र निवडताना लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याचा उतार घ्या. लाल-निळा फक्त अदलाबदल झाला आणि करडा गुळगुळीत राहिला तर चॅनेलचा, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांचा क्रम चुकलाय. १६ बिटवर तिन्ही रंग सरकले आणि करड्यात रंगीत पट्टे उठले तर बाइट उलटलेत. तक्रार करणाऱ्याला हेच चित्र पाठवा आणि फोटो मागवा, म्हणजे पुढच्या वेळी कोड उघडायच्या आधीच कुठे बघायचं ते कळेल.