कीटो, शुगर आणि भरताचं वांगं

प्रश्न: ताई, आमच्याकडे सध्या प्रत्येकाचं वेगळं डाएट चाललंय. माझं कमी कार्बचं कीटो, ह्यांना शुगर, सासूबाई म्हणतात वांगं वातूळ, सांधे धरतात. रविवारी शेजारच्या जैन काकी जेवायला येणारेत. खंडेराव मार्केटला भरताची वांगी इतकी सुंदर आलीयेत, घेऊ की नको?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: घ्या हो, नक्की घ्या! 100 ग्रॅम कच्च्या वांग्यात कॅलरी जेमतेम 25, कार्ब 6 ग्रॅमच्या आसपास आणि त्यातलं जवळपास निम्मं फायबर, बाकी बहुतेक पाणीच, त्यामुळे कीटोत दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कार्ब धरतात त्यात ते आरामात बसतं. तुम्हाला सांभाळायचाय तो रोटला, म्हणजे इथली जाड भाकरी. बाजरीच्या एका मोठ्या रोटल्यात 35-40 ग्रॅम कार्ब सहज जातात, म्हणजे ओळो (गुजराती भरीत) आणि रोटला म्हटलं की तुम्ही नुसता ओळोच खायचा, आणि रवैयाच्या, म्हणजे भरल्या वांग्याच्या मसाल्यात गूळ-बेसन न घालता शेंगदाणे, तीळ, खोबरं घाला.

ह्यांचं गणित वेगळंय. त्यांना अर्धा रोटला चालेल, पण तेल जपायला हवं कारण वांग्याचा गर स्पंजसारखा असतो, जेवढं ओताल तेवढं पितो, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. म्हणून मला आपलं मराठी भरीतच सगळ्यात आवडतं, वांगं गॅसवर भाजायला तेल जवळजवळ लागतच नाही, मग कांद्याची पात, हिरवी मिरची, दही, आणि वरून एक छोटा चमचा फोडणी, बास. काप करायचे असतील तर मीठ लावून अर्धा तास ठेवा, धुवून घट्ट पिळा, मग तेल कमी पितात. आणि 100 ग्रॅम वांग्यात प्रोटीन फक्त 1 ग्रॅम असतं बरं का, ताटात डाळ किंवा पनीर हवंच, नुसत्या वांग्यावर वजन कमी करायला बसू नका.

सासूबाईंचं म्हणाल तर वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची सगळी एकाच कुळातली, पण त्यांनी सांधे दुखतात असा ठोस पुरावा नाहीये. तरी त्यांना स्वतःला दरवेळी त्रास होत असेल तर दोन-तीन आठवडे बंद ठेवून परत थोडं खाऊन बघू दे, जबरदस्ती अजिबात नको. चातुर्मासात वांगं सोडलं असेल तर चंपाषष्ठीपर्यंत थांबा, त्या दिवशी खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा असतोच, तेव्हा त्याही आनंदाने खातील.

काकींना मात्र वांगं वाढू नका. जैन लोक ते बहुबीज, म्हणजे खूप बियांचं, म्हणून वर्ज्य मानतात, कांदा-लसूणही नाही. त्यांच्यासाठी दुधी वाफवून दह्यातलं भरीत करा, जिरं-हिंगाची फोडणी द्या, आणि सूर्यास्ताआधी जेवतात का ते आधीच विचारून ठेवा.