लेन्सिंगला ‘भिंगीकरण’ म्हणावं का?

तासगावच्या एका शाळेतल्या बाई विचारतात: मुलांच्या हस्तलिखित अंकात ‘कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड’, ‘गॅलक्सी क्लस्टर’ आणि ‘लेन्सिंग’ हे शब्द आलेत. लेन्सिंगला ‘भिंगीकरण’ चालेल का?

मला नाही पटत, बाई. शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नव्हतं ते शुद्ध करणं. त्या चालीवर भिंगीकरण म्हणजे कशाचं तरी भिंग बनवणं. इथं घडतं ते प्रकाशाला. वाटेत दीर्घिकासमूह (गॅलक्सी क्लस्टर) असतो, त्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागून येणारा प्रकाश किंचित वळतो.

मग ‘वक्रीभवन’? तो शब्द आधीच गुंतलेला आहे. आता पाठ्यपुस्तकात ‘अपवर्तन’ आहे, पण जुन्या पिढीला काचेतून किंवा पाण्यातून वळणारा प्रकाश म्हटलं की वक्रीभवनच आठवतं. तिथं माध्यम लागतं आणि रंग कमीजास्त वळतात, म्हणून लोलकातून पट्टा दिसतो. गुरुत्वाकर्षणाला माध्यम नको, आणि सगळे रंग ते सारखेच वळवतं. म्हणून वस्तूला ‘गुरुत्वीय भिंग’ आणि घटनेला ‘भिंगपरिणाम’ म्हणा. खरं तर ‘समूहानं मागचा प्रकाश वळवला’ एवढं लिहिलं तर नामाची गरजच पडत नाही.

क्लस्टरला ‘समूह’ ठीक, ग्रुपला ‘गट’ ठेवा. तासगावात ‘घड’ सुचणारच, पण घडाचं वजन द्राक्षांत असतं. समूहात दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचा वाटा जेमतेम काही टक्के. त्याहून जास्त तप्त वायू आणि सर्वात जास्त कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं द्रव्य. अरुंधती केश या तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहात दीर्घिकांचा वेग पाहून खगोलशास्त्रज्ञ झ्विकीला १९३३ मध्येच दिसणाऱ्या वस्तुमानाचा हिशेब जुळेना.

बॅकग्राउंडला ‘पार्श्वभूमी’ मात्र निःशंक वापरा, इतका चपखल शब्द क्वचित मिळतो. कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड म्हणजे महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी सुटलेला प्रकाश; तो आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात, २.७ केल्विन तापमानाचा, सगळीकडून येतो. पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना तो १९६४ मध्ये अँटेनातली न जाणारी खरखर म्हणून सापडला. प्रत्येक दीर्घिका त्याच्या पुढ्यात आहे, मागे एकही नाही. म्हणूनच तो कामाचा: फार दूरच्या समूहामागे वळलेला प्रकाश मोजायला पुरेशा दीर्घिका मिळत नाहीत, पण ही पार्श्वभूमी असतेच. तिच्यावरचे गरम-थंड ठिपके किती विस्कटले यावरून समूहांचं वस्तुमान काढतात. एकेका समूहाची खूण इतकी पुसट, की पुष्कळ समूहांची निरीक्षणं एकावर एक रचून सरासरी घ्यावी लागते.

वाटेतल्या एकूण वस्तुमानामुळे हा प्रकाश साधारण दोन-तीन कला सरकतो. आर्कमिनिटला ‘कला’ हा आपल्या पंचांगातला शब्द आहे. पौर्णिमेचं चंद्रबिंब सुमारे ३० कलांचं. फक्त अंकात ‘अंशाचा साठावा भाग’ असं शेजारी लिहा, नाहीतर मुलं चंद्राच्या कला समजतील.