स्विचमध्ये किती रूट मावतात, ते आधी बघ

भाऊ, 'शो आयपी रूट समरी' या कमांडचा रूटचा (म्हणजे कुठल्या नेटवर्ककडे कुठून जायचं, त्या नोंदींचा) आकडा बघून निश्चिंत होऊ नकोस. तो सॉफ्टवेअरमधल्या टेबलाचा. पॅकेट पुढे जातात टीकॅमच्या, म्हणजे स्विचच्या हार्डवेअरमधल्या वेगवान मेमरीच्या भरवशावर, आणि तिथली जागा मोजकी. सिस्कोच्या ३५६० किंवा ३७५० वर 'शो एसडीएम प्रिफर' दे, चालू टेम्प्लेटची, म्हणजे ती जागा कशाला किती द्यायची त्या वाटणीची, मर्यादा कळेल. वापर किती झाला ते 'शो प्लॅटफॉर्म टीकॅम युटिलायझेशन' सांगतं.

जळगावात एका ठिकाणी मी हे तपासलं नव्हतं. टीकॅम भरला, उरलेल्या रूटची पॅकेट सीपीयूवर आली, भुसावळची लिंक रांगायला लागली. मे महिना, आम्हाला वाटलं, उन्हानं स्विच तापला. पूर्ण दुपार त्यातच गेली.

रूटना जास्त जागा द्यायला 'एसडीएम प्रिफर राउटिंग' केलंस तर रीलोड, म्हणजे स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होणं, लागतोच. कामकाजाच्या वेळेत हात लावू नकोस.