स्मारकाच्या आधी जमीन बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जुन्या रणांगणांवर जायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. यादी मात्र लांबलचक झाली आहे. त्यातली दोनच ठिकाणं ठेव आणि प्रत्येकाला अख्खा दिवस दे, कारण रणांगण पायी फिरल्याशिवाय कळत नाही.

बहुतेक जण गाडीतून उतरतात, थेट स्मारकापाशी जातात, फोटो काढतात आणि परततात. तू आधी जमीन बघ. चढ कुठे आहे, आडोसा कुठे मिळतो, समोरची फळी कुठून दिसते, कुठून दिसत नाही. अमेरिकेतल्या गेटिसबर्गला हे लख्ख कळतं. तिथल्या यादवी युद्धात ३ जुलै १८६३ रोजी दुपारी दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या फौजेतले सुमारे बारा हजार सैनिक सेमिनरी रिज या टेकाडावरून निघाले आणि मधलं उघडं रान तुडवत समोरच्या सिमेटरी रिजवर चालून गेले. नकाशात ते मैदान सपाट वाटतं. चालायला लागलीस की मध्येच जमीन खोलगट होते, समोरचं टेकाड नजरेआड जातं आणि जरा हायसं वाटतं. मग एमिट्सबर्ग रस्त्याची कुंपणं येतात. त्या दिवशी ती ओलांडताना रांगा मोडल्या, वेग गेला, आणि समोरच्या बंदुकांच्या माऱ्यात माणसं अडकली. निघालेल्यांपैकी निम्मे तरी मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. ही गोष्ट कुठल्याही फलकापेक्षा तो चढ नीट सांगतो.

बेल्जियममधल्या वॉटर्लूला सावध राहा. नेपोलियनविरुद्धच्या १८१५ च्या लढाईत ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने बरीचशी फौज एका चढाच्या पाठीमागे झाकून ठेवली होती. पुढे सिंहाच्या स्मारकाचा उंच ढीग रचायला त्याच चढाची माती खणून नेली. वरून दिसणारा देखावा सुंदर आहे, पण लढाई ज्या उंचवट्यावर फिरली तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. स्मरण करण्याच्या नादात आपण जागाच पुसून टाकतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता माणसांबद्दल. पानिपताच्या पराभवाची बातमी सावकारी पत्रातल्या सांकेतिक भाषेत आली, असं परंपरेने सांगतात. मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पण १४ जानेवारी १७६१ ला, रसद तुटलेली असताना, उपाशीपोटी उभा राहिलेला साधा शिपाई त्या खुर्द्यात गेला. काला अंब या पानिपतच्या स्मारकापाशी जाशील तेव्हा त्याच्यासाठी थांब. त्याची यादी कुठेच नाही, म्हणून तो किती दिवस उपाशी होता, कोणत्या वाटेने आला, घोडा होता की पायी होता, एवढं तरी वाचून जा.

जिथे नावं आहेत, तिथे ती वाच. फ्रान्समध्ये सोमच्या परिसरात, थियेपव्हालच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाच्या खांबांवर ७२ हजारांहून अधिक नावं आहेत, आणि ही सगळी अशा माणसांची ज्यांची कबरच सापडली नाही. सगळी वाचता येणार नाहीत. एक निवड, त्याची पलटण आणि तारीख टिपून घे, घरी आल्यावर त्या तारखेला काय घडलं ते शोध. फ्रान्समधल्याच न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर त्याच युद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेल्या, कबर न मिळालेल्या चार हजारांहून अधिक भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावं आहेत. मजुरांची नावंही चुकवू नकोस.

शत्रूकडचीही माणसं मोज. फ्रान्समध्येच, पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दनच्या रणांगणाजवळ, दुओमाँच्या अस्थिगृहात फ्रेंच आणि जर्मन हाडं एकत्र आहेत, कारण कोण कुणाचा हे ओळखता आलं नाही. खिडक्यांतून ती दिसतात. तिथे फोटो काढू नकोस, असं मी अगदी हट्टाने सांगेन.

आणखी एक. त्या भागातल्या शेतांतून अजून जिवंत तोफगोळे निघतात. काहीही गंजलेलं दिसलं तरी हात लावायचा नाही, आठवण म्हणून काही उचलायचं नाही, आखलेली वाट सोडायची नाही.

कोणती दोन ठिकाणं ठरवलीस ते कळव. त्या लढायांचे जुने नकाशे माझ्याकडे असतील तर पाठवतो.

तुझा,
काका