बाकीचे मोकळे, मग मीच का?

प्रश्न : रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. समुद्रावर रेंज नसते म्हणून खलाशी मेमरी कार्डात सिनेमे भरून नेतात. मी ५० रुपये घेतो. सिनेमांचे हक्क असलेल्या कंपनीच्या तक्रारीवरून पोलिसांनी कॉम्प्युटर नेला, दुरुस्तीला आलेले गिऱ्हाइकांचे फोनही नेले. कंपनीचा माणूस म्हणतो, रोख द्या, मिटवतो. टेलिग्रामवर हेच सिनेमे फुकट फिरतायत. मीच का?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, पण कोर्टात तो बचाव होत नाही. दुसरा सुटला म्हणून मलाही सोडा, असा हक्क राज्यघटनेच्या समानतेच्या कलम १४ मधून मिळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. शिक्षा किमानपेक्षा कमी करता येते, पण कृत्य धंद्यातल्या नफ्यासाठी नसेल तरच. म्हणजे ५० रुपयांचं कार्ड भरणारा आणि पायरसीवर लाखो कमावणारा, दोघांना किमान शिक्षा तीच! हा मला उघड अन्याय वाटतो. तरीही कार्डं भरणं आजच बंद करा. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर किमान १ वर्ष आहे.

गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं) आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून लगेच अटक होतेच असं नाही. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज का, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं; नाहीतर हजर राहण्याची नोटीस. नोटीस आली तर चुकवू नका.

आता जप्ती. पंचनाम्याची प्रत मागा, त्यात प्रत्येक फोन वेगळा लिहिलाय का बघा. नव्या कायद्याप्रमाणे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे. झालं नसेल तर वकिलाला सांगा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ खाली नेलेला माल परत मागायचा अर्ज जप्तीपासून १५ दिवसांत मॅजिस्ट्रेटपुढे करावा लागतो, तो आधी करा. गिऱ्हाइकांचा तर यात काही दोष नाही. ज्याचा फोन त्याने बिल जोडून कोर्टाकडून सुपुर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन, अशी लेखी हमी देऊन) मागावा.

त्या माणसाला रोख एक रुपयाही देऊ नका. कंपनीचं अधिकारपत्र मागा. हा गुन्हा आपसात मिटत नाही. कंपनीची खरोखर संमती असेल तर एफआयआर रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं, आणि त्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीकरांना मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (खंडपीठासारखं बाहेरचं कामकाज) आहे.