आधी ब्रेक, शेवटी रंग

प्रश्न : सुमारे नऊ वर्षे एका जागी उभी असलेली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी मी नुकतीच विकत घेतली आहे. इंजिन फिरत नाही, ब्रेकचे पेडल दाबले की थेट तळाला जाते आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा दोन ठिकाणी गळून पडला आहे. हाताने काम करण्याची सवय आहे, पण पैसा बेताचाच आहे. गाडी एकदाच पूर्ण खोलून सगळे नीट करून घ्यावे, असे मित्र सुचवतात. आपले मत काय?

उत्तर : ज्याच्याकडे पैसा आणि बंदिस्त जागा दोन्ही मुबलक आहेत, त्याने मित्रांचा सल्ला जरूर मानावा, तुम्ही मानू नये. अर्धवट सोडून दिलेल्या अनेक गाड्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मुळात फारशा वाईट अवस्थेत नव्हत्या. उत्साहाच्या भरात त्या आठवड्याभरात खोलल्या गेल्या, सुटे भाग खोक्यांत भरले गेले आणि वर्षभराने जोडायला बसल्यावर कोणता बोल्ट कुठला, हे मालकाला आठवेना. खोलायला खर्च येत नाही. सारा खर्च जोडताना समोर उभा राहतो. म्हणून गाडी शेवटपर्यंत स्वतःच्या चाकांवर ढकलता येईल अशा स्थितीत ठेवावी, एका वेळी एकच अंग हाती घ्यावे आणि ते पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे व त्याचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवावेत.

पहिला पूर्ण दिवस पाना न उचलता केवळ तपासणीत घालवावा. लहान हातोडीने चासी (बॉडी व इंजिन ज्यावर बसते तो पोलादी सांगाडा) टोकापासून टोकापर्यंत हलकेच वाजवत जावे. शाबूत पोलाद खणखणीत वाजते, आतून कुजलेले बद्द वाजते, आणि अशा ठिकाणी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबले की ते आत शिरते. स्प्रिंगच्या पाट्या चासीला जोडणाऱ्या कड्यांजवळचा (शॅकल) आणि स्टिअरिंग बॉक्स बसवलेला भाग विशेष काळजीने पाहावा. या ठिकाणी चासी गेलेली असेल, तर बाकीच्या खर्चाचा विचार तिथेच थांबवून, हीच गाडी दुरुस्त करायची की तिचे भाग दुसरीसाठी वापरायचे, हे ठरवणे शहाणपणाचे ठरते.

इंजिन अडकले आहे याचा अर्थ ते संपले असा नाही. पण ते मोकळे करण्यासाठी स्टार्टर मारणे किंवा गाडी दुसरीला बांधून ओढणे, हे दोन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत. सगळे प्लग काढावेत (डिझेल असेल तर इंजेक्टर), प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे गंज सोडवणारे पातळ तेल घालावे आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या टोकावरील पट्ट्याच्या चाकाच्या) नटाला पाना लावावा व पुढे-मागे अगदी थोडे थोडे हलवावे. केसभर जरी हलले तरी काम झाले असे समजावे आणि पुन्हा तेल घालून दुसऱ्या दिवशी हलवावे. पान्याला लांब नळी अडकवून जोर करण्याचा मोह होतो, पण त्या जोराने पिस्टनवरच्या गंजलेल्या रिंगा तुटतात आणि फुकटात सुटणारे इंजिन खोलावे लागते.

इंजिन मोकळे झाले की जुने ऑइल बदलून ते चालू करावे, गरम झाल्यावर सगळे प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजावे. आकडा किती आला यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, याला अधिक महत्त्व आहे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक मागे असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा; आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील, तर हेड गॅस्केटचा (सिलिंडर व त्यांवरचे झाकण यांमधल्या पातळ थराचा) संशय घ्यावा. एवढ्या चाचणीने इंजिन उघडायचे की नाही ते समजते, आणि बऱ्याचदा उघडण्याची गरज नसते. टाकीतले जुने पेट्रोल मात्र एक थेंबही वापरू नये, कारण त्याचा चिकट थर कार्बोरेटरची जेट (इंधनाची बारीक छिद्रे) बंद करतो.

पैसा आधी ब्रेकवर लावावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे पोलादी नळ्या आतून गंजतात आणि ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ या दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांची आहे. नऊ वर्षे उभ्या असलेल्या गाडीत रबरी होज, मास्टर सिलिंडर व व्हील सिलिंडरमधली रबरे आणि सगळे ऑइल, असे सारे एकदम बदलावे. यात जुने चालवून घेण्यासारखे काही नसते. या यंत्रणेत इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर रबरे फुगतात. जुन्या ब्रेक शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती ओल्या फडक्याने पुसून काढावी. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून तो चांगला आहे, असेही समजू नये. बाजूवर कोरलेल्या संकेताच्या अखेरीस चार अंक असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. उदाहरणार्थ, २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा.

प्रश्न : रंग उडाल्यामुळे गाडी फारच केविलवाणी दिसते. निदान प्रायमर आणि रंग आधी करून घेतला तर पुढच्या कामाला हुरूप येईल, असे वाटते.

उत्तर : मलाही असेच वाटले होते. माझ्या पहिल्या गाडीला मी हौसेने रंग दिला आणि दोन महिन्यांनी तळाचा पत्रा कापून वेल्डिंग करावे लागले. उष्णतेने दोन्ही बाजूंचा रंग करपून फुगला. तेव्हा हुरूप हवाच असेल तर स्टिअरिंग व्हील स्वच्छ करावे.

प्रश्न : चासीच्या बाजूच्या पट्टीला तळहाताएवढे भोक पडले आहे. त्यावर जाड पत्रा ठेवून चारही बाजूंनी वेल्डिंग केले तर चालेल का? गाडीची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, तरी गंज कसा लागतो, हेही समजत नाही.

उत्तर : वरून पत्रा ठेवून केलेले वेल्डिंग म्हणजे गंजावर झाकण. बाजूचे कुजलेले पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने वितळून जाते, टाका धरत नाही आणि दोन पत्र्यांच्या मध्ये ओल साचून गंज पूर्वीपेक्षा वेगाने पसरतो. शाबूत, चकचकीत धातू दिसेपर्यंत भोवतालचा भाग कापून काढावा, मगच तितक्याच जाडीचा तुकडा बसवावा. वरून आधारपट्टी द्यायची असेल तर तिची टोके चौकोनी ठेवू नयेत, तिरकी कापावीत, म्हणजे वेल्डिंगची सरळ उभी रेघ चासीला आडवी छेद देत नाही. भार आला की तडा नेमका अशाच रेघेवरून जातो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि इंधनाची टाकी गाडीपासून पूर्ण दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा निर्धोक असते, ही समजूत जिवावर बेतते, कारण स्फोट होतो तो वाफेचा. चासीचे वेल्डिंग तुम्हाला सफाईने येत नसेल, तर कापणे, घासणे, तुकडा मापात करणे हे सगळे स्वतः करावे आणि शेवटचे टाके तेवढे जाणत्या कारागिराकडून घालून घ्यावेत. मजुरीचा मोठा भाग खरे तर या तयारीतच जात असतो.

आता अॅल्युमिनियमविषयी. १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली, तेव्हा युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादावर नियंत्रण होते आणि अॅल्युमिनियम त्या मानाने सहज मिळत होते, म्हणून तिच्या बॉडीसाठी अॅल्युमिनियमचा मिश्रधातू निवडला गेला; चासी मात्र पोलादीच राहिली. हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओलावा, त्यातही खारट ओलावा आला, की तिथे लहानशी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाऊन पांढरी भुकटी उरते. दोहोंच्या मध्ये रबर किंवा प्लास्टिकची पट्टी घालावी आणि बोल्टच्या भोकांत दाट ग्रीस किंवा मेण भरावे. पोलादी पट्टी आतून कुजण्याचे कारण मात्र साधे असते : पाणी निघून जाण्याची भोके चिखलाने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करावीत, आतला चिखल पाण्याच्या धारेने धुऊन काढावा, पट्टी पूर्ण वाळू द्यावी आणि मग आत पातळ मेण फवारावे.

प्रश्न : लहानसहान कंस, बिजागऱ्या, पेडल असे ढीगभर गंजलेले भाग आहेत. नवे घेण्याची ऐपत नाही आणि घासून हात दुखून आले आहेत. स्वस्तातला उपाय सुचवावा.

उत्तर : तुमच्याकडे बॅटरी चार्जर असेल तर उपाय जवळजवळ फुकट आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्यावे व दर ४ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. खाण्याचा सोडा नव्हे. एक-दोन साध्या लोखंडी पट्ट्या टबाच्या कडेला उभ्या कराव्यात आणि चार्जरची धन तार त्यांना जोडावी. गंजलेला भाग मध्ये तारेने लोंबता ठेवून त्याला ऋण तार जोडावी, आणि भाग व पट्टी एकमेकांना टेकणार नाहीत हे पाहावे. तारांची अदलाबदल झाली तर ठेवायचा भागच झिजतो. चार्जर सुरू होताच भागावरून बारीक बुडबुडे उठू लागतात, तासाभरात पाण्यावर तपकिरी फेस येतो आणि रात्रभरात गंज सुटून काळी, मऊ साय उरते, ती ब्रशने निघते. पट्टीच्या समोरची बाजू आधी साफ होते, म्हणून भाग अधूनमधून फिरवावा. समोर बॅटरी असल्याशिवाय काही स्वयंचलित चार्जर सुरूच होत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

बुडबुडे हायड्रोजनचे असल्यामुळे हे काम मोकळ्या हवेतच करावे, जवळ ठिणगी पडू देऊ नये आणि तारांना हात लावण्यापूर्वी चार्जर बंद करावा. पट्टीसाठी स्टेनलेस स्टील वापरू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. अॅल्युमिनियमचे भाग या पाण्यात बुडवू नयेत. स्प्रिंगा आणि अतिकठीण केलेले बोल्टही नकोत, कारण हायड्रोजन शोषून असे पोलाद ठिसूळ होते. बाहेर काढलेला भाग लगेच धुऊन गरम हवेने कोरडा करावा आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा. उघडा ठेवला तर काही तासांतच त्यावर नवा नारिंगी गंज चढतो.

प्रश्न : मागच्या अॅक्सलचे ऑइल दुधाळ निघाले. ऑइल सील दोनदा बदलले, तरी गळती थांबत नाही. दोष कशात असावा?

उत्तर : सील तिसऱ्यांदा बदलण्याआधी अॅक्सलच्या माथ्यावरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याची वाट, शोधावा. बोटाच्या पेराएवढा हा भाग चिखलाने बुजला की तुमच्या दोन्ही तक्रारी त्याच्यामुळेच उद्भवू शकतात. गाडी चालताना अॅक्सल तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने ऑइलला सीलमधून ढकलते. उलट, तापलेला अॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की हवा एकदम आकुंचन पावते आणि त्याच सीलमधून पाणी आत खेचले जाते. ब्रीदर साफ करावा किंवा त्या जागी नळी जोडून तिचे टोक बोनेटखाली उंचावर न्यावे.

ऑइल काढताना चुंबकाच्या बुचावर करडा, मऊ लगदा दिसला तर काळजी नसावी. धातूच्या कपच्या दिसल्या तर डिफरन्शिअल (अॅक्सलच्या मधला गिअरचा संच) उघडावाच लागेल. पाणी फार दिवस राहिले असल्यास बेअरिंगच्या रोलरवर बारीक खड्डे पडलेले असतात, तेही पाहून घ्यावे. नवे ऑइल भरून गाडी थोडी चालवावी आणि ते दुधाळ झाले तर पुन्हा बदलावे. खालचे बूच काढण्याआधी मात्र भरण्याचे वरचे बूच सुटते आहे ना, याची खात्री करून घ्यावी. ते गंजून बसलेले असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलेले असेल, तर गाडी तिथून हलवताही येत नाही.